सातशे मीटर उंचीवरचा समुद्र

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १८८७ साली एक आजीबाई वारली आणि तिच्या निधनाची बातमी चक्क वर्तमानपत्रात छापून आली. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल असे, की ही आजीबाई माणूस नव्हती. काचेच्या बरणीत राहणारे, लालसर रंगाचे ते एक लहानसे समुद्रपुष्प होते! सर जॉन डॅलिएल या निसर्ग-अभ्यासकाने ते १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकाळ किनाऱ्यावरून घरी आणले होते. सर जॉन स्वतः १८५१ मध्ये वारले. त्यांच्यामागे एकामागून एक इतरांनी त्याची देखभाल केली, आणि ‘आजी’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा तो जीव पकडल्यापासून सुमारे एकोणसाठ वर्षे जगला.

आणि मी आणलेले पहिले समुद्रपुष्प? ते बारा दिवसांत मेले.

ही हकिकत सांगायला मला आजही थोडी लाज वाटते. परंतु घोडेगावची एक नववीतली मुलगी मध्यंतरी तिच्या वडिलांबरोबर जुन्नरला आमच्या घरी टाकी पाहायला आली होती, तिने विचारलेल्या प्रश्नामुळे ती सांगावीच लागली. टाकीपुढे बराच वेळ उभी राहून तिने विचारले, “सर, डिंभ्याच्या पाण्यात मीठ टाकलं की झाला ना समुद्र?”

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर द्यायला मला संपूर्ण दुपार लागली. तेच उत्तर आज तुम्हालाही देतो.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. हो, प्राणीच. नावात पुष्प असले तरी वनस्पतीशी याचे नाते नाही. जेलीफिश, प्रवाळ आणि तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला हायड्रा हे याचे भाऊबंद. खाली खडकाला घट्ट चिकटणारा तळवा, वर नळकांड्यासारखे अंग आणि माथ्यावर मधोमध एक तोंड. तोंडाभोवती बोटांसारख्या संस्पर्शकांची झालर. खाण्याची वाट आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्याची वाट एकच. मेंदू नाही, हृदय नाही, हाडे तर नाहीतच. मग ते ताठ कसे उभे राहते? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती जशी ताठ होते, तसे हे अंगात पाणी भरून घेते. पाणी सोडून दिले की पाच मिनिटांत त्याचा चोथा होतो. टाकीतले समुद्रपुष्प असे आक्रसलेले पाहून घाबरून जाऊ नका. दिवसाकाठी एखाद्या वेळी तसे होणे स्वाभाविक आहे.

प्रत्येक संस्पर्शकावर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, आणि कुपीत गुंडाळून ठेवलेला पोकळ बाण. भक्ष्याचा स्पर्श होताच तो सुटतो. हायड्राच्या दंशपेशीचे मोजमाप २००६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने केले, तेव्हा बाण सुटण्याचा काळ ७०० नॅनोसेकंद भरला. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! त्या वेळचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक होते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा आकडा वर्गात सांगताना मला फार मौज वाटते. बंदुकीच्या गोळीचे कौतुक त्यापुढे फिके पडते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

आमचे जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे, आणि समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. नाणेघाट तुम्ही पाहिला असेलच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून येणारा माल याच घाटाने वर चढत असे. कोकणचे मीठही बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर येई. मग मीठ जर घाट चढून आले, तर समुद्र का आला नाही?

याचे उत्तर मिठागरात सापडते. मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटत जाते, तेव्हा त्यातील सगळे क्षार एकदम तळाशी बसत नाहीत. आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम बसतात. मग आपल्या ओळखीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, आणि ते कडू पाणी काढून टाकले जाते. म्हणजे पोत्यात भरले जाते ते समुद्रातील क्षारांपैकी मुख्यतः एकच. खऱ्या समुद्रात मात्र एकूण क्षारांच्या वजनात क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०, सल्फेट पावणेआठ, मॅग्नेशियम पावणेचार, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सव्वा टक्क्याच्या आसपास असते. समुद्रपुष्पाला ही सगळी पंगत लागते. डिंभ्याच्या पाण्यात मीठ टाकले तर खारे पाणी तयार होईल, समुद्र होणार नाही. म्हणून समुद्री टाकीसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले मिश्रण विकत आणावे लागते. ते गाळलेल्या शुद्ध पाण्यात कालवायचे. आमच्या भागातील विहिरींचे पाणी जड असते, आणि द्राक्षे, टोमॅटो, कांदा यांच्या रानांना दिलेल्या खताचा अंशही त्यात उतरलेला असू शकतो. म्हणून मी घरच्या आर.ओ. यंत्राचे पाणी वापरतो.

हे पाणी कशात कालवावे, हेही सांगून ठेवतो. तांब्याच्या हंड्यात मुळीच नको! आपण तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले म्हणून पितो, परंतु समुद्रपुष्पासारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना तांब्याचा अल्पसा अंशही विषासमान असतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीसुद्धा नको. स्वच्छ प्लॅस्टिकची बादली सर्वांत चांगली. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते, तेव्हा तीही टाकीत घालू नका. आणि रानात फवारणी करून आलेला हात कितीही धुतला तरी त्या दिवशी टाकीपासून दूर ठेवावा.

पाणी तयार झाले. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ भरले. आता आणावे का समुद्रपुष्प?

इथेच मी चुकलो. काचेची टाकी आणली, क्षार कालवले, पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसू लागले आणि दोन आठवड्यांत मुंबईच्या एका दुकानातून समुद्रपुष्प घेऊन आलो. पहिले चार दिवस ते छान उमलले. मी त्याला कौतुकाने रोज कोळंबी भरवली. आठव्या दिवशी त्याचे तोंड उघडे पडून आतला भाग बाहेर आला, दहाव्या दिवशी तळवा दगडावरून सुटला, आणि बाराव्या दिवशी सकाळी घरभर दुर्गंधी सुटली होती. पाणी दिसायला अजूनही बऱ्यापैकी स्वच्छच होते.

पाण्यात काय होते? अमोनिया. कोणताही प्राणी अन्न खातो आणि नायट्रोजनयुक्त मळ टाकतो. त्यापासून अमोनिया तयार होतो. अथांग समुद्रात तो कुठच्या कुठे विरून जातो, परंतु दोनशे लिटरच्या टाकीत तो जाणार कोठे? त्याचा बंदोबस्त करणारे जीवाणू असतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य असते. तुमच्या वडिलांनी कांद्याला युरिया टाकला, की जमिनीत याच प्रकारचे जीवाणू काम करतात आणि मग पिकाला नायट्रेट मिळते. जमिनीतील हे जीवाणू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. शेतात ते आधीपासून असतातच; नव्या कोऱ्या टाकीत मात्र त्यांची वस्ती व्हायला वेळ लागतो.

ही वस्ती कशी करवावी? रिकाम्या टाकीत कोळंबीचा एक लहान तुकडा टाकून ठेवायचा आणि चाचणीच्या थेंबांनी दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासायचे. आधी अमोनिया चढतो, मग उतरू लागतो. तो उतरताना नायट्राइट चढते, आणि काही दिवसांनी तेही उतरते. वहीत याचा आलेख काढलात तर एकामागे एक दोन टेकड्या दिसतील. यात साधारण चार ते सहा आठवडे जातात. दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच राहिले की एखादा मासा, एखादी गोगलगाय सोडावी. समुद्रपुष्प मात्र त्यानंतरही सहा महिने, जमल्यास वर्षभर आणू नये. नव्या टाकीतील पाण्याचे गुणधर्म बराच काळ हेलकावे खातात, आणि समुद्रपुष्पाला हेलकावे सोसत नाहीत. मासा आपल्या शरीरातील क्षारांचा तोल मूत्रपिंड व कल्ल्यांच्या साहाय्याने सांभाळतो. समुद्रपुष्पापाशी अशी कोणतीही यंत्रणा नाही. बाहेर जेवढे खारे, आतही तेवढेच खारे! बाहेरचा खारेपणा एकाएकी बदलला तर त्याच्या पेशीपेशीला धक्का बसतो.

या खारेपणाच्या बाबतीत आमच्या घाटावरच्या उन्हाळ्याने मला दुसरा धडा दिला. समुद्रपुष्पाला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. मी टाकीवर एक छोटा पंखा लावला. हा उपाय उत्तम. कारण पाण्याची वाफ होताना ते अप्रकट उष्मा घेऊन जाते. एक किलोग्रॅम पाण्याच्या वाफेबरोबर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. गणित करून पाहा: दोनशे लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले तर बाकीचे पाणी जवळजवळ तीन अंशांनी थंड व्हायला हवे. प्रत्यक्षात खोलीची उष्णता पुन्हा आत येत असते, म्हणून तापमान तेवढे उतरत नाही. माझ्या टाकीतून रोज सुमारे चार लिटर पाणी उडत होते.

पाण्याची पातळी खाली गेली की मी बादलीत तयार ठेवलेले खारे पाणी ओतून ती भरून काढत असे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ही चूक करावी! पाणी उडते, क्षार उडत नाहीत. टाकीत लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने सात किलो क्षार होते. पाच दिवसांत २० लिटर पाणी उडाले, आणि मी २० लिटर खारे पाणी घातले, म्हणजे आणखी ७०० ग्रॅम क्षार. पुढच्या पाच दिवसांत पुन्हा ७०० ग्रॅम. दहा दिवसांत टाकीत ८.४ किलो क्षार झाले; लिटरमागे ४२ ग्रॅम. तांबडा समुद्र जगातील अतिशय खाऱ्या समुद्रांपैकी एक, तोही चाळिशीच्या आसपास असतो. हायड्रोमीटर १.०३० च्याही वर तरंगू लागला, तेव्हा माझे डोळे उघडले.

तोपर्यंत दुसरे समुद्रपुष्प टाकीत येऊन चार महिने झाले होते. ते आक्रसून सुपारीएवढे झाले होते आणि कोळंबीचा तुकडा दिला तर चिकटतही नव्हता. एकदम गोडे पाणी ओतून खारेपणा खाली आणावा, असा मोह झाला. परंतु तो तर दुसरा धक्का ठरला असता. रोज दोन-तीन लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी थेंबथेंब सोडत, पंधरवडाभरात मी ते ३५ वर आणले. अठराव्या दिवशी संस्पर्शके पुन्हा पसरली. तेव्हापासून टाकीच्या काचेवर पातळीची एक रेघ आखली आहे, आणि उडालेले पाणी फक्त शुद्ध पाण्याने भरायचे, हा घरातील सर्वांना पाठ झालेला नियम आहे.

तुम्ही एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या वाट्यांत मोजून सारखे मिठाचे पाणी घ्या आणि गच्चीवर ठेवा. रोज एका वाटीत साधे पाणी आणि दुसरीत मिठाचे पाणी घालून पातळी तीच राखा. आठवड्याने दोन्ही वाट्यांत एकच अंडे आळीपाळीने सोडून पाहा.

उंचीचाही एक परिणाम आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सातशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९२ टक्केच असतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी विरघळतो. समुद्रकिनारी २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, जुन्नरला सहा-सव्वासहा. फरक थोडा आहे, पण वीज गेली आणि पंप थांबला की तोच जाणवतो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळत राहील अशी योजना हवी, आणि बॅटरीवर चालणारा हवापंप हाताशी हवा.

प्रकाशाविषयी थोडक्यात सांगतो. उष्ण कटिबंधातील अनेक समुद्रपुष्पांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करते व यजमानाला देते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते, म्हणून टाकीवर निळसर पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यांचा भरपूर प्रकाश रोज आठ-दहा तास हवा. दुकानात पांढरेशुभ्र समुद्रपुष्प दिसले तर त्याच्या सौंदर्याला भुलू नका. त्याने आपले शैवाल गमावलेले असते, आणि ते उपाशी असते. पिवळेधमक किंवा गुलाबी दिसले तर कोणी रंगवले तर नाही ना, अशी शंका घ्या. निरोगी समुद्रपुष्पाचे तोंड मिटलेले, संस्पर्शके चिकट आणि तळवा घट्ट बसलेला असतो. जागा पसंत पडली नाही तर ते तळव्यावर सरकत फिरायला निघते, म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी बांधा. ओढून मात्र काढू नका. तळवा फाटला की ते वाचणे कठीण. खायला आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. विदूषक मासा त्याच्याबरोबर ठेवलाच पाहिजे असे नाही. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर ही जोडी सर्वांच्या मनात बसली आहे, इतकेच.

आता थोडे अवघड बोलतो. बाजारात येणारी बरीच समुद्रपुष्पे समुद्रातून उपटून आणलेली असतात. फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाच्या १८५० च्या दशकातील पुस्तकांनी इंग्लंडमध्ये समुद्री टाक्यांचे वेड पसरले आणि हौशी लोकांनी किनाऱ्यावरील डबकीच्या डबकी रिकामी केली. आपल्या वडिलांच्या पुस्तकांमुळे हे घडले, याची खंत त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहून ठेवली. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. जिवंत प्रवाळ किंवा त्याचा दगड टाकीसाठी घेणे हा गुन्हा आहे. समुद्रपुष्पाच्या बाबतीत एक सोपी वाट आहे. संस्पर्शकांची टोके बुडबुड्यासारखी फुगणारी जी जात आहे, ती टाकीत आपोआप दुभंगते आणि एकाची दोन होतात. कोणाच्या टाकीत दुभंगलेले मिळाले तर तेच घ्यावे, नाही तर थांबावे. आणि कोकणात सहलीला गेलात तर ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी पाहा. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही समुद्रपुष्पे आहेत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून लोकांना तेथे नेऊन ती दाखवली आहेत. बघायचे, हात लावायचा नाही.

माझे दुसरे समुद्रपुष्प आता आठव्या वर्षात आहे. गेल्या पावसाळ्यात ते दुभंगले. घोडेगावच्या त्या मुलीला हे कळले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न अर्थातच, “सर, अर्धं मला द्याल?” असा होता. मी म्हटले, आधी टाकी तयार कर, मग पाहू. तिने वडिलांकडून टाकी घेतली आणि मार्चपासून दर रविवारी ती पाणी तपासते. तिची वही मी पाहिली आहे. दोन्ही टेकड्या चढून उतरल्या आहेत. मे महिन्यात एकदा वीज बराच वेळ गेली, तेव्हा अमोनियाची एक छोटी तिसरी टेकडीही आली, तिच्याभोवती तिने लाल शाईने गोल केला आहे. टाकीत सध्या दोन गोगलगायी आहेत. दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन पुन्हा येणार आहे.